कोकणातून वन्यजीव अभ्यासाकडे: बारावी ते एमएस्सी, टप्प्याटप्प्याने

‘वन्यजीवांचा अभ्यास करायचाय’ असं घरी सांगितलं की कोकणात दोन प्रश्न हमखास येतात. त्यात नोकरी कुठली, आणि इथे वाघ आहेत कुठे? नोकरीचं पुढे सविस्तर येईलच. वाघाचं आधी बोलून घेऊ, कारण बहुतेक मुलांची पहिली गल्लत तिथेच होते. जीप, दुर्बीण आणि समोर वाघ, एवढंच चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात या विषयातली बरीचशी माणसं बेडूक, पाली, वटवाघळं, कासवं, गवत, मासळी आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसं यांच्यावर काम करतात. अमुक जीव कुठे आहे, किती आहे, कमी होत असेल तर कशामुळे, आणि तो टिकवायचा तर काय करावं लागेल, याची मोजूनमापून उत्तरं शोधणं म्हणजे संवर्धन जीवशास्त्र. घरात शिरलेला साप पकडून रानात सोडणं हे उपयोगी काम आहे, पण त्यासाठी पदवी लागत नाही आणि त्याने पदवी मिळतही नाही.

अभ्यासाला विषय हवा, तर कोकणात त्याची वानवा नाही. चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत. आंबोलीच्या आसपासच सापडणारा एक भेक आहे, तिथल्याच हिरण्यकेशीच्या पाण्यातला एक छोटा मासा आहे. त्या माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. दोडामार्गात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरची प्रवाळं आहेत. इथल्या मुलांना कमी पडतात त्या दोन गोष्टी: पाहिलेलं लिहून ठेवायची सवय आणि आकडेमोडीची तयारी. त्यामुळे या लेखात कॉलेजांच्या नावांपेक्षा या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

अकरावी-बारावी: गणित सोडू नका

जीवशास्त्र हवंच, पण त्याबरोबर गणितही ठेवा. ‘नीट’ देणारी मुलं गणित सोडतात आणि मार्क कमी पडले की मग बीएस्सीकडे वळतात. त्यातलं कुणी पुढे वन्यजीवशास्त्राकडे आलं की पहिल्याच सांख्यिकीच्या तासाला घाम फुटतो. गणित सोडून झालंच असेल तर दारं बंद होत नाहीत, फक्त पदवीच्या काळात ती उधारी फेडावी लागते.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. ती अगदीच खोटी नाही, कारण शोधनिबंध जवळपास सगळे इंग्रजीत असतात. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: आठवड्याला एक शोधनिबंध. आधी सारांश, मग आलेख आणि तक्ते, मग पद्धती, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. न कळलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर. दोन-तीन महिन्यांत लक्षात येतं की तेच ते शंभर-दीडशे शब्द फिरून फिरून येतात.

पदवी कुठली घ्यावी

माझं स्पष्ट मत: पदवीच्या पातळीवर ‘वन्यजीव’ हे नाव असलेला कोर्स शोधत मुंबई-पुण्याला धावू नका. घराजवळच्या चांगल्या कॉलेजात प्राणीशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्र घेऊन बीएस्सी करा. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, चिपळूणचं डीबीजे, सावंतवाडीचं पंचम खेमराज ही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली जुनी कॉलेजं आहेत. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा तीन गोष्टी विचारा. वनस्पतींचा वाळवलेला संग्रह आहे का आणि त्याला शेवटची भर कधी पडली? विद्यार्थ्यांना बाहेर नेणारे शिक्षक कोण? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मुलं खरोखर करतात की जुनी फाईल उतरवून देतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही, कॅन्टीनमध्ये मिळेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सोय धोरणात आहे. तुमच्या कॉलेजात चौथं वर्ष खरंच चालू आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

दुसरी वाट दापोलीची. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री आहे आणि तिला एमएचटी-सीईटीचे गुण लागतात. वनखात्यात जायचं असेल तर ही पदवी फार कामाची. याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. समुद्राकडे ओढा असेल तर तिकडे बघा. मासे, जाळी, बोटी, बाजार हे सगळं ज्याला कळतं तो पुढे सागरी संवर्धनात उजवा ठरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

जखमी प्राण्यावर उपचार करायचे हे ज्याच्या मनात आहे त्याने मात्र थेट पशुवैद्यकाची पदवी घ्यावी. तिथे प्रवेश ‘नीट’वर होतो, अभ्यास साडेपाच वर्षांचा आणि मुंबईत परळला जुनं कॉलेज आहे. वन्यजीव पशुवैद्य हा वेगळाच पेशा आहे, तो प्राणीशास्त्राच्या पदवीने होता येत नाही. बारावीला गुण उत्तम असतील आणि मूलभूत संशोधनाची आवड असेल तर आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) हाही पर्याय आहे. त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते.

पदवीच्या वर्षांतलं खरं काम: वही

सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली. तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती आणि साधनंही फारशी नव्हती. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी एक पसंत करून आत येते, आणि ती अंड्यांवर बसली की नर पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीला लागतो, हा उलगडा त्यांनी रोज एकाच जागी बसून नोंदी ठेवून केला. कोकणातल्या कुठल्याही विहिरीवरच्या माडाला आजही सुगरणींची घरटी लोंबत असतात.

तेव्हा पहिल्या वर्षाला एक जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल घ्या. पेन पावसात पसरतं. प्रत्येक नोंदीला तारीख, गाव आणि नेमकी जागा, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, हवा, भरती की ओहोटी, सोबत कोण, किती अंतर चाललात, आणि मग काय दिसलं व किती, एवढं आलंच पाहिजे. एक नमुना देतो:

‘१४ डिसेंबर. भाट्ये पुळण, खाडीच्या तोंडाकडून दक्षिणेला १ किमी. सकाळी ७.१० ते ८.०५. आकाश निरभ्र, वारा नाही. ओहोटी, पाणी अजून उतरतंय. चिखल्या (छोटे, जात नक्की नाही) ३२. तुतवार ४. कुरव सुमारे १५०, थव्याचा अंदाज. समुद्री गरुड ०. कुत्रे ६, त्यातल्या दोघांनी थवा दोनदा उठवला.’

यात दोन जागा नीट बघा. ‘जात नक्की नाही’ असं लिहायला लाजायचं नाही, नोंदवहीत चुकीच्या नावापेक्षा अर्धवट ओळख कधीही बरी. आणि गरुड शून्य. न दिसलेल्याचा शून्य लिहिला नाही तर दहा वर्षांनी कुणालाच कळत नाही की गरुड नव्हता, की तुम्ही बघितलाच नव्हता. हौशी नोंदी आणि अभ्यासाच्या नोंदी यांच्यात फरक पडतो तो मुख्यतः या शून्यामुळे आणि चाललेल्या वेळ-अंतराच्या हिशेबामुळे. नोंदी त्याच संध्याकाळी ई-बर्ड (पक्ष्यांसाठी) किंवा आयनॅचरलिस्ट (सगळ्या जीवांसाठी) या नोंदींच्या संकेतस्थळांवर चढवा. तिथे तज्ज्ञ ओळख तपासतात आणि तुमचं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडतं.

किनाऱ्यावर काम करायचं तर भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ हवं. आपल्याकडचा जुना हिशेब ढोबळ पण कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. गावागणिक तासभर मागेपुढे होतं, म्हणून अभ्यासाच्या नोंदीसाठी छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच वापरा. खडकाळ किनाऱ्यावरची डबकी बघायची असतील तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोट्या पकडा. एरवी झाकलेला भाग तेव्हाच उघडा पडतो.

एक छोटा अभ्यास कसा उभा करायचा

दुसऱ्या वर्षापर्यंत स्वतःचा एक प्रश्न ठरला पाहिजे. ‘आमच्या तालुक्यातली जैवविविधता’ हा प्रश्न नव्हे, ते फाईलचं नाव झालं. उदाहरणादाखल सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, घेऊ, कारण तो रत्नागिरी-राजापूर-देवगडच्या मुलांच्या घरामागेच असतो आणि सरकारी कागदावर बऱ्याचदा पडीक जमीन म्हणून दिसतो. मे महिन्यात तिथे काळा जांभा तापलेला असतो. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात आणि पुढे गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू. सुट्या दगडांखाली बेडूक, विंचू आणि फक्त याच भागात सापडणाऱ्या पाली राहतात. आता याच सड्यांवर सुरुंग लावून, जेसीबी घालून आंब्याच्या बागा होताहेत. मग प्रश्न असा: मोकळ्या सड्यावर आणि बाग झालेल्या सड्यावर पावसाळी फुलझाडांच्या जाती सारख्याच असतात का?

साधन म्हणून पीव्हीसी पाईपचे एक मीटरचे चार तुकडे आणि चार कोपरे, म्हणजे एक चौरस मीटरची चौकट. ती टाकायची कुठे, हे डोळ्यांवर सोडायचं नाही. डोळे नेहमी फुलांकडे जातात. सड्याच्या एका कडेपासून दोरी लावा, मोबाईलवर यादृच्छिक आकडे काढा, आणि जितके मीटर येतील तिथे चौकट ठेवा, मग तिथे नुसता खडक असला तरी. चौकटीतल्या जाती, प्रत्येकीची संख्या, मातीची खोली (पट्टी खुपसून), पाणी साचलंय का, शेण आहे का, हे लिहा. एक फोटो अगदी वरून काढा. जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला हेच करा, कारण इथल्या फुलांचा मोसम आठवड्यांत बदलतो आणि एका फेरीत निम्म्या जाती हुकतात.

आता त्यातली मेख. एकाच मोकळ्या सड्यावर शंभर चौकटी आणि एकाच बागेत शंभर चौकटी टाकल्या, तर तुमच्याकडे दोनशे नमुने जमलेले नसतात. एक सडा आणि एक बाग, एवढेच असतात. फरक दिसला तरी तो बागेमुळे पडला की त्या विशिष्ट सड्याच्या उतारामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून पाच-सहा सडे, पाच-सहा बागा, आणि प्रत्येकात दहा-पंधरा चौकटी. ही एक गोष्ट पदवीलाच कळली तर पुढच्या मुलाखतीत तुम्ही वेगळे उठून दिसाल, कारण पदव्युत्तर झालेली माणसंही इथे घसरतात.

दगड उलटून बघणार असाल तर नियम एकच: एका वेळी एक दगड, हाताने नव्हे तर आकड्याने (हुकाने), आणि बघून झालं की होता तसाच, त्याच बाजूने परत. उलटा टाकलेला दगड म्हणजे मोडलेलं घर.

आकड्यांचं काय करायचं? एक्सेलमध्ये एका ओळीला एक नोंद, अशी नीट मांडणी आधी शिका, मग ‘आर’ ही मोफत संगणकभाषा. सरासरी, प्रमाण विचलन, आलेख, दोन गटांतली तुलना, रेषीय समाश्रयण (लिनिअर रिग्रेशन) एवढं पदवीपर्यंत पुरे. नकाशांसाठी क्यूजीआयएस, तेही मोफत. ‘स्वयम्’ पोर्टलवर वन्यजीव परिसरशास्त्राचे कोर्स आहेत. संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बसा. आरच्या चुका सोडवण्यात जाणारे तास वाया जात नाहीत, फक्त तेव्हा तसं वाटतं.

परवानगी, आणि जिवाची काळजी

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे संरक्षित प्राणी पकडणं, हाताळणं, त्याचा नमुना घेणं यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अभ्यासासाठी घेतोय ही सबब चालत नाही. फणसाड, कर्नाळा, चांदोली अशा संरक्षित क्षेत्रांत कामासाठी जायलाही परवानगी हवी. पदवीच्या विद्यार्थ्याने असा प्रश्न निवडावा ज्यात प्राण्याला हात लावावा लागत नाही. नुसतं बघून, मोजून, विष्ठा-पाऊलखुणांवरून पुष्कळ होतं. गावात काम सुरू करण्याआधी सरपंचांना आणि पोलीस पाटलांना एक पत्र देऊन ठेवा. रात्री टॉर्च घेऊन वहाळात उतरलेल्या अनोळखी पोरांबद्दल गावात काय काय अर्थ निघतात ते नंतर निस्तरत बसण्यापेक्षा हे सोपं.

खवले मांजर, घुबड, गिधाडाचं घरटं यांची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. फोटोत मागचा डोंगर ओळखू येत असेल तर तोही नाही. खवले मांजराची शिकार आणि तस्करी होते, आणि बातमी काढणारे तुमच्याइतकेच बारकाईने फोटो बघतात.

सड्यावर फुरसं असतं, ते जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. गमबूट, रात्री टॉर्च, आणि कुठे चाललोय हे घरी सांगून जाणं. सर्पदंश झाला तर मांत्रिक नको, चिरा नको, सरळ सरकारी रुग्णालय. भातशेतीतून उघड्या पायांनी फिरल्यावर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो, म्हणून तिकडच्या जंगलात पूर्ण कपडे घाला आणि मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आरोग्य विभागाला कळवा.

माणसांकडून शिकणं

रापणीवाले, कांदळवनात कालवं काढणाऱ्या बाया, गुरं घेऊन सड्यावर जाणारे धनगर यांना तुमच्या प्राध्यापकांपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं. फक्त विचारायची पद्धत हवी. ‘काका, इकडे पाणमांजर आहे का?’ असं विचारलं तर पाहुण्याचं मन राखायला ‘आहे की’ असं उत्तर येतं. ‘शेवटचं कधी दिसलं? तुम्ही तेव्हा काय करत होतात? एकटं होतं की पिल्लं होती?’ असं विचारा. आठवण खरी असेल तर तपशील येतो. नाव छापू का, हे विचारल्याशिवाय छापू नका.

ज्याच्या नारळांची माकडांनी वाट लावलीय त्याच्या पडवीत बसून सहजीवनावर भाषण देऊ नये, हेही सांगून ठेवतो. दोडामार्गात २००२ साली कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून तिथल्या बागायतदारांनी जे सोसलंय ते समजून न घेता तिथे कुणाचाही अभ्यास पुढे सरकणार नाही. संवर्धनातला निम्मा भाग माणसांचा आहे. मुलाखत कशी घ्यावी, प्रश्नावली कशी करावी हे समाजशास्त्राच्या शिक्षकांकडून शिकून घ्या.

एक हाताशी असलेलं काम: जैविक विविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ती एकदाच घाईने भरून कपाटात गेलेली असते. ती मागून घ्या आणि एक प्रकरण, नुसतं भाताच्या जुन्या वाणांचं किंवा खाडीतल्या माशांचं, नीट करून द्या. अर्जात दाखवायला याहून चांगलं काम सहसा मिळत नाही.

अनुभव कुठे घ्यावा

कासवांपासून सुरुवात करणं सोपं. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. आता आंजर्ले, गावखडी, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर वनविभागासह हे काम चालतं. माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. कासव महोत्सवाला पर्यटक म्हणून जाणं वेगळं, आणि कासवमित्राबरोबर पहाटे किनारा चालून घरट्याची खोली, अंड्यांची संख्या, वाळूचं तापमान लिहिणं वेगळं. दुसरं करा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ या मादीला उपग्रह टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेला असा टॅग लावण्याची ती पहिली वेळ. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. कुणीतरी पट्टीवरचा आकडा वाचून लिहून घेतला, म्हणून पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिमेलाही येते हे समजलं.

राज्याचा कांदळवन कक्ष आणि त्याचं मँग्रोव्ह फाउंडेशन किनाऱ्यावर काम करतात, त्यांच्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. १८८३ पासून चालत आलेल्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षी, कीटक, सरपटणारे प्राणी, वनस्पती यांवरचे छोटे कोर्स पैसे वसूल करणारे आहेत. जेवणा-राहण्याचा खर्च सोडून स्वयंसेवकाकडून भरमसाट फी घेणाऱ्या ‘वन्यजीव इंटर्नशिप’पासून मात्र दूर राहा. प्रमाणपत्र चकचकीत असतं, आत काही नसतं.

संशोधकाला मेल पाठवताना सात-आठ ओळी पुरतात. तुम्ही कोण, त्यांचा कुठला निबंध वाचला आणि त्यात काय खटकलं किंवा पटलं, तुमची कुठली नोंद किंवा छोटा अभ्यास आहे, आणि कुठल्या तारखांना तुम्ही मोकळे आहात. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढे चला.

पदव्युत्तर: कुठे, कसं

आता नावं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, स्थापना १९८२, तिथली वन्यजीवशास्त्राची एमएस्सी देशात सगळ्यात जास्त मागणी असलेल्यांपैकी. बेंगळुरूच्या एनसीबीएसमधली (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धन ही एमएस्सी २००४ पासून चालू आहे. जागा अगदी मोजक्या आणि इंजिनिअर-डॉक्टर मंडळीही तिथे शिकून गेली आहेत. या दोन्ही ठिकाणी प्रवेश दर वर्षी निघतीलच असं धरून चालू नका. जाहिरात कधी येते ते आदल्या वर्षापासून बघत राहा आणि हाताशी दुसरा पर्याय ठेवा. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तमिळनाडूत मयिलादुथुराईच्या एव्हीसी कॉलेजात वन्यजीव जीवशास्त्राची एमएस्सी आहे. पुण्यात आबासाहेब गरवारे कॉलेजची जैवविविधता विषयातली एमएस्सी कोकणातल्या मुलांना अंतराने, खर्चाने आणि भाषेने सगळ्यात सोयीची. समुद्रासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसाट (विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि अण्णामलै विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र.

लेखी परीक्षेत पाठांतर फार चालत नाही. आलेख देऊन ‘यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही’ असे प्रश्न असतात. अंकगणित, तर्क, मूलभूत जीवशास्त्र, उत्क्रांती, परिसरशास्त्र, थोडी संख्याशास्त्राची समज. ‘गेट’ या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या पेपरचे जुने संच सोडवले की बरीचशी तयारी होते. मुलाखतीत तुमची वही काढून ठेवा. सड्यावरचा अभ्यास केला असेल तर हमखास विचारतील: चौकट एक मीटरचीच का? बागा कशा निवडल्या? पुन्हा केलात तर काय बदलाल? इथे ‘सरांनी सांगितलं’ हे उत्तर देऊन चालत नाही. कुठला प्राणी आवडतो, या प्रश्नाला ‘वाघ’ म्हणायला हरकत नाही, फक्त पुढच्या दहा मिनिटांची तयारी ठेवा.

शिफारसपत्रं दोन लागतात. ती अशा शिक्षकांकडून घ्या ज्यांनी तुम्हाला चिखलात काम करताना बघितलंय. प्राचार्यांच्या सहीच्या गोलमोल पत्राला फारसं वजन नसतं.

पैसा आणि नोकरी

शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी पोर्टल पदवीच्या पहिल्या वर्षापासून भरा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर जून उजाडायच्या आत तयार ठेवा. पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची पाठ्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० (हे २०२३ पासूनचे दर). एमएस्सीनंतर लगेच पीएचडीला न जाता एखाद्या प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षं काम करणं शहाणपणाचं, त्यातच कळतं की आपल्याला हे जमतंय का. ही प्रकल्पाची नोकरी कंत्राटी असते, पगार बेताचा असतो, आणि निधी संपला की संपते. घरच्यांपासून हे लपवू नका.

स्थिर नोकरी हवी तर एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा (सहायक वनसंरक्षक, वनक्षेत्रपाल) आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा. दोन्हींना विज्ञान किंवा संबंधित शाखांची पदवी लागते. भारतीय वनसेवेत चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालण्याची चाचणी असते. सड्यावरच्या मुलांना ती जड जाऊ नये. नेट-सेट करून कॉलेजात शिकवणं हा तिसरा मार्ग. संस्था, सागरी प्रकल्प, निसर्ग पर्यटन हे आहेतच.

आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्या. कोकणात बंदरं, खाणी, रस्ते, कारखाने यांचे अहवाल सतत लागतात आणि पगार इतर ठिकाणांहून बरा असतो. तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, प्रामाणिक माणूस आत असला तर अहवालात निदान पावसाळ्यातली नोंद तरी जाते. सड्याचं सर्वेक्षण मे महिन्यात उरकून ‘विशेष वनस्पती आढळल्या नाहीत’ असं लिहिलेलं असेल तर त्याखाली सही करायची की नाही, हे रुजू होण्याआधी ठरवून ठेवा.

प्रबंधासाठी कोकणातलाच विषय घेतलात तर अजून एक काम वेळापत्रकात आधीच धरून ठेवा. छापील प्रतीबरोबर मराठीत दोन पानांचा सारांश करा, त्यात नकाशा आणि दोन आलेख ठेवा, आणि तो ज्या गावांत काम केलं त्या ग्रामपंचायतींना, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाला आणि तुमच्या जुन्या कॉलेजच्या विभागाला नेऊन द्या. मेलवर पाठवला तर कुणी उघडत नाही. ग्रामसभेच्या दिवशी गेलात तर वाचूनही दाखवता येतो.